धोडपला न्यायच्या सत्तावीस वस्तू

सावळीराम पगारेनं धोडप किल्ला एका दिवसात चढून-उतरून दाखवला होता, ही गोष्ट नाशिकच्या त्या सरकारी कचेरीत शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. ती खोटी आहे हे फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक सावळीराम स्वतः आणि दुसरी त्याची बायको चांगुणा.

खरा प्रकार असा झाला होता. एकोणसत्तर साली एका मित्राच्या लग्नाला सावळीराम धोडपच्या पायथ्याशी हट्टी गावात गेला होता. दुसऱ्या दिवशी वऱ्हाडातली पोरं किल्ल्यावर निघाली. सावळीरामही निघाला, पण सकाळच्या पंगतीला त्यानं पैजेवर अकरा लाडू खाल्ले होते. गावाबाहेर एक आंबा लागला. त्याच्या सावलीत तो टेकला तो संध्याकाळीच उठला. पोरं खाली आली आणि परतीच्या वाटेवर प्रत्येकानं वरचं सगळं रंगवून सांगितलं. ते सावळीरामनं कान देऊन ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात कचेरीत मधल्या सुट्टीत गप्पा निघाल्या. कुणी भर पुरात गोदावरी पोहून गेलेलं, कुणी साप हातानं धरलेला. सावळीराम नवा नोकरीला लागलेला, सांगायला जवळ काही नाही. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी धोडप चढलोय. एका दिवसात."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण लोक विचारत गेले आणि किल्ला वाढत गेला. तिसऱ्या वर्षी त्यावर अजगर आला. पाचव्या वर्षी अजगर बारा हातांचा झाला आणि सावळीरामला त्याच्या अंगावरून उडी मारून जावं लागलं. वरचं पाणी तर असं गार की दात वाजावेत, आणि झरे किती, तर दर पन्नास पावलांवर एक.

बारा वर्षं हे सुखानं चाललं. मग एक्क्याऐंशी साली बदलून खैरनार साहेब आले.

साहेब मूळचे नामपूरचे. अंगानं काडी, बोलणं अगदी पुस्तकातलं. फार चिडले किंवा घाबरले तरच आतली अहिराणी वर यायची. त्यांना व्यायामाचं वेड होतं. महिन्याभरात त्यांनी सावळीरामला केबिनमध्ये बोलावलं.

"पगारे, तुम्ही धोडप केलाय म्हणे."

"केलाय म्हणजे... झालाय तसा, साहेब."

"छान. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आपला सगळा स्टाफ धोडपला. वाटाडे तुम्ही. आणि सोबत काय काय घ्यायचं त्याची यादी करा. अनुभवी माणसाची यादी असली म्हणजे काळजी नाही."

सावळीराम घरी आला तेव्हा चांगुणा मेथी निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं एक जुडी संपवली आणि मग म्हणाली, "आजारी पडा."

"अगं, रविवार आहे. रविवारच्या आजाराचा अर्ज कुणाकडे देऊ?"

"मग खरं सांगा."

"बारा वर्षांनी?"

"मग चढा," चांगुणा म्हणाली आणि दुसरी जुडी सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता सावळीरामला युक्ती सुचली. यादी आपल्याच हातात आहे. ती एवढी लांब करायची, एवढी अवजड करायची, की वाचूनच माणसाची छाती दडपावी. माणसं गळाली की सहल आपोआप रद्द. खोटं झाकलेलं राहील आणि दोष डोंगराला जाईल.

पण अवजड वस्तू सुचायलाही अनुभव लागतो. त्यानं कॉलनीतल्या रिटायर फौजी हवालदाराला गाठलं. हवालदारांची सगळी नोकरी आसामात गेलेली. ते म्हणाले, दोर पाहिजे पन्नास फूट, जळवांसाठी मीठ पाहिजे शेरभर, आणि वाट चुकलं तर सूर्याची तिरीप पाडून मदत मागायला आरसा पाहिजे. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं आयोडीन, तुरटी, दोन बँडेजं आणि बेशुद्ध पडणाऱ्याला हुंगवायला कांदे सांगितले. स्टोव्ह, घोंगडी, छत्री, शिट्टी, सुईदोरा, पितळी तांब्या, जादा पँट ही भर सावळीरामनं स्वतःच्या डोक्यानं घातली. सत्तावीस कलमं झाली. शेवटी ठळक अक्षरात त्यानं लिहिलं: 'वरीलपैकी एकही वस्तू कमी असल्यास येऊ नये.'

यादी टाइप करायला गेली यशोदाबाईंकडे. यशोदाबाई कचेरीतल्या टायपिस्ट. पन्नाशीच्या, विधवा, हाताला झपाट्याच्या आणि बोलायला तुटक. त्यांनी यादी वाचली, चष्म्यावरून एकदा सावळीरामकडे बघितलं, काही न बोलता स्टेन्सिल कापलं. एवढ्या घाईत एकच चूक झाली. चौदाव्या कलमात 'डोक्याला टोपी' होतं, तिथं 'डोक्याला टोपली' झालं. ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. चौदा जणांना चौदा प्रती गेल्या.

यादीनं काम चोख केलं. सोमवारी तिघं गळाले, मंगळवारी पाच. एकानं सासूचं वर्षश्राद्ध काढलं. ती सासू त्याच संध्याकाळी मेनरोडला भाजी घेताना सावळीरामला दिसली. शुक्रवारपर्यंत सावळीराम धरून चारच उरले. तो मोठ्या आशेनं साहेबांकडे गेला.

"साहेब, माणसं फारच कमी झाली. पुढं कधीतरी..."

"कमीच बरी," खैरनार साहेब म्हणाले. त्यांच्या टेबलाजवळ नवा दोर वेटोळं करून ठेवलेला होता. "पगारे, एक सांगू? जळवांसाठी मीठ! हे घरात बसून सुचत नाही हो. माझा तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे."

रविवारी पहाटे चौघं एसटी स्टँडवर जमले. साहेबांच्या पाठीवर होल्डॉल होता आणि त्याला स्टोव्ह लटकत होता. यशोदाबाईंनी लुगड्याचा काचा मारून पायात कॅनव्हासचे बूट घातले होते आणि दोन्ही खांद्यांवर दोन पिशव्या. सावळीरामच्या पाठीवर चांगुणानं घोंगडीत बांधून दिलेलं गाठोडं होतं. चौथे होते हेडक्लार्क कारभारी, देहानं प्रशस्त. जिथं डबे उघडतात तिथं आपण असावं एवढ्याच हिशेबानं आलेले. त्यांच्या डोक्यावर बांबूची भलीमोठी टोपली होती.

"हे काय, कारभारी?" साहेबांनी विचारलं.

"कलम चौदा," कारभारी म्हणाले. "मलाही नवल वाटलं. पण अनुभवी माणूस लिहितोय म्हणजे काही कारण असेल."

साहेबांनी कौतुकानं सावळीरामकडे पाहिलं. सावळीरामनं गंभीरपणे मान हलवली. कारभाऱ्यांनी सव्वीसच्या सव्वीस वस्तू टोपलीत भरल्या होत्या, खाली फडक्याची चुंबळ घेतली होती, आणि त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.

धुळ्याच्या गाडीत चढताना कंडक्टरनं विचारलं, "बिऱ्हाड हलवलं वाटतं?" वडाळीभोईला ते उतरले. तिथून रिकाम्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून धोडंबं, आणि पुढं पायी हट्टी. ऊन कोवळं होतं, थंडी मजेची होती, आणि समोर धोडप उभा होता. त्याच्या टोकाच्या कातळभिंतीत मधेच खाच पडलेली, जशी दुधाचा दात पडलेल्या पोराच्या तोंडात असते. सावळीरामला तो लग्नात पाहिला त्याहून पुष्कळ उंच वाटला.

गावाबाहेर वाटेला दोन फाटे फुटले.

"कोणता?" साहेबांनी विचारलं.

"डावा," सावळीराम म्हणाला, कारण डावीकडे सावली होती.

वीस मिनिटं चालल्यावर वाट एका विहिरीपाशी गेली आणि विहिरीपलीकडे कांद्याच्या वाफ्यांत संपली. तिथं एक शेतकरी कांद्याची रोपं लावून घेत होता. त्यानं टोपलीवाल्या कारभाऱ्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लावणीला आले का? रोजंदारीची मान्सं तर मी काल सांगितली व्हती."

"किल्ल्यावर जायचंय," सावळीराम हळूच म्हणाला.

"मंग माझ्या कांद्यात कशाला आले? किल्ला तिकडं हाय. दिसंना व्हय एवढा मोठा?"

परत फिरताना साहेबांनीच सावळीरामला सावरलं. "बारा वर्षांत वाटा बदलतात, पगारे. मनाला लावून घेऊ नका."

चढण लागली तशी यादी अंगाशी आली. सावळीरामच्या पाठीत तांब्याचा काठ रुतत होता. साहेबांचा स्टोव्ह दर पावलाला ठण् ठण् वाजत होता आणि रॉकेलचा वास सुटला होता. यशोदाबाई एका लयीत चढत होत्या. एकटे कारभारी टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेल्या बाईसारखे डुलत डुलत वर जात होते आणि अधूनमधून वरून एकेक चकली काढून खात होते.

तासाभरात ऊन चढलं. एका वळणावर बाभळीखाली चौघंही धापकन बसले. साहेबांनी होल्डॉलमधून पितळी तांब्या काढला, रुमालानं पुसला आणि पुढं केला.

"पगारे, पाणी काढा."

"माझ्याकडे कुठं आहे, साहेब? तुम्ही नाही आणलं?"

"यादीत नव्हतं."

सावळीरामनं कारभाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी टोपलीतून आपला तांब्या काढून उपडा करून दाखवला. मग खिशातून चुरगळलेली यादी काढली गेली आणि साहेबांनी ती मोठ्यानं पहिल्यापासून सत्तावीसपर्यंत वाचली. आरसा होता. तुरटी होती. सुईदोरा होता. पाणी नव्हतं. चौघांकडे चार लखलखीत तांबे होते आणि पाण्याचा थेंब नव्हता.

"आम्हाला वाटलं झरे आहेत," कारभारी म्हणाले. चकल्यांनी त्यांची जीभ टाळ्याला चिकटली होती. "दर पन्नास पावलांना. तुम्हीच सांगता ना दरवर्षी."

सावळीरामनं वर बघितलं. पिवळं गवत, काळा कातळ, आणि वर घारी. त्याच्या मनात आलं की एखादं खोटं अजून सुचेल. झरे आटले, भूकंप झाला. पण घसा इतका सुकला होता की एवढं लांबलचक बोलायची ताकद नव्हती. खरं थोडक्यात सांगता येत होतं.

"साहेब, मी कधीच वर गेलेलो नाही. अकरा लाडू खाऊन खाली झोपलो होतो."

स्टोव्हमधून रॉकेल मातीवर गळत राहिलं.

"आणि अजगर?" कारभाऱ्यांनी शेवटी विचारलं. त्यांचा चेहरा घरातलं माणूस गेल्यासारखा झाला होता.

"नव्हता."

"मला माहीत होतं," यशोदाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"यादी टाइप करतानाच कळलं. डोंगर चढलेला माणूस पहिल्यांदा पाणी लिहितो. माझं माहेर इगतपुरीकडचं, मला सांगता?"

"मग बोलला का नाहीत बाई?" सावळीराम कळवळून म्हणाला.

"बोलले असते तर सहल मोडली असती. मला यायचं होतं. मालक गेल्यापासून घर आणि कचेरी, कचेरी आणि घर. तुमच्या खोट्यानं तेवढं तरी साधत होतं."

साहेबांच्या डोळ्यांत आशा चमकली. "म्हणजे तुम्ही पाणी आणलंय?"

यशोदाबाईंनी पहिल्यांदाच मान खाली घातली. "आणलं होतं एक बाटली. मागच्या वळणावर बुटाची नाडी बांधायला थांबले ना, तेव्हा संपवली."

साहेबांनी टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली. उतरावं म्हटलं तर खाली तास-दीड तास, वर किती ते कुणाला ठाऊक नाही. कारभारी हुंगवायचा कांदा सोलून खायला लागले, त्यात थोडं पाणी असतं म्हणून.

तेवढ्यात वरून गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक म्हातारी झपझप उतरत आली. नवसाबाई तिचं नाव; वरच्या माचीवर तिची झोपडी आणि दोन म्हशी. या चौघांचा पसारा बघून ती भारा न उतरवताच थांबली.

"मावशी, पाणी आहे का?" सावळीरामनं विचारलं.

"पानी वर हाय, टाक्यात. लय गोड. ते डोक्यावर घेऊन कशाला हिंडू?" तिनं दोराच्या वेटोळ्यांकडे बोट दाखवलं. "ढोर हरवलंय का तुमचं?"

"नाही."

"मंग ह्यो दोर?"

उत्तराची वाट न बघता म्हातारीच म्हणाली, "माझ्या म्हशीचं दावं तुटलंय. दोर द्या, मी टाक्यावर नेऊन सोडते. आन् हे स्टो-बिव ठेवा माझ्या झोपडीत. उतरताना घेऊन जा. असं लादून गाढवबी जात नाय वर."

चारांपैकी एक दोर तिनं निवडून घेतला, साहेबांचा, नवाकोरा. भारा तिथंच वाटेकडेला टेकवून ती मागं वळली. माचीवरच्या तिच्या झोपडीत सगळ्यांनी ओझी उतरवली. म्हातारीकडे रांजणातलं तांब्याभर पाणी निघालं, ते चौघांनी वाटून घेतलं आणि कुणाचीच तहान भागली नाही. पण सावळीरामला आपण पिसासारखे हलके झालोत असं वाटलं. ते गाठोडं उतरल्यामुळं की मघाशी बोललो त्यामुळं, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं. एक मात्र झालं, की आता पुढं चालताना मागून कुणी 'पगारे, आता काय लागेल?' असं विचारत नव्हतं.

पुढं कातळात खोदलेल्या पायऱ्या लागल्या. उभ्या, झिजलेल्या, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला नुसता वारा. नवसाबाई अनवाणी वर गेली. यशोदाबाई गेल्या. कारभारी पोट भिंतीला घासत गेले. साहेब पाच पायऱ्या चढले, खाली पाहिलं, आणि दोन्ही हातांनी कातळाला मिठी मारून बसले.

"साहेब?" मागून सावळीराम म्हणाला.

"माय वं!" साहेब म्हणाले. पुस्तकी मराठी पार खाली राहिली होती. "मन्हं डोकं फिरी ऱ्हायनं. मी आठेच बसस."

"इथं कसं बसणार साहेब? मी मागं आहे."

बऱ्याच वेळानं साहेब थोडे भानावर आले. "पगारे, मी उभ्या आयुष्यात टेकडीसुद्धा चढलेलो नाही. सपाटीवर रोज चार मैल चालतो, बस्स. तुम्ही बारा वर्षांपूर्वी एकट्यानं गेलात असं ऐकलं, म्हणून मला धीर आला होता."

सावळीरामला वाटलं, आपल्या थापेनं माणूस कुठं आणून टांगला! त्यालाही खाली बघवत नव्हतं. पण साहेब पुढं होते आणि वाट एकच होती. त्यानं एक हात भिंतीला लावला, दुसरा साहेबांच्या पाठीला. "उजवा पाय उचला. तेवढाच. बाकीचा डोंगर राहू द्या."

साहेबांनी उजवा पाय उचलला आणि थांबले. "काहीतरी बोलत राहा हो. तो अजगराचा किस्सा सांगा."

"साहेब, तो खोटा आहे."

"कळलं मला. सांगा तरी."

मग सावळीरामनं सांगायला सुरुवात केली. "त्याचं काय झालं, मी असा वळलो, तर वाटेत लाकडाचा ओंडका." एक पायरी. "म्हटलं, इथं ओंडका कुणी आणला?" आणखी एक. "तर ओंडक्यानं डोळा उघडला." कचेरीत त्यानं हा किस्सा शंभरदा सांगितला असेल, पण इतका जीव ओतून कधी नाही. आज अजगर अठरा हातांचा झाला. त्यानं फूत्कार टाकला, शेपटीनं झाड पाडलं, आणि गिळलेलं बकरू त्याच्या पोटात बें बें करत होतं. साहेब कातळावर कपाळ टेकून हसले, त्या हसण्यात तीन पायऱ्या चढले, आणि वरून कारभारी ओरडले, "जिवंत होतं का बकरू?"

"होतं तर!" सावळीराम म्हणाला, आणि बघतो तर पुढं पायरीच नव्हती. सपाट जमीन होती, आणि वारा असा की साहेबांचा सदरा फुग्यासारखा फुगला.

टाकं वरच्या एका गुहेजवळ होतं. कातळाच्या पोटात निळंकाळं पाणी. तांबे खाली झोपडीत राहिले होते. चौघंही पालथे पडून ओंजळींनी प्याले, खैरनार साहेब मनगटावरच्या घड्याळासकट. पाणी गार होतं. दात वाजण्याइतकं नव्हतं, पण सावळीरामनं त्याबद्दल कुणाला काही म्हटलं नाही. तो उठला आणि खाली बघत राहिला. कांद्याचे वाफे, विहिरी, हट्टीची घरं, दूरवर रस्त्यावर मुंगीएवढी एसटी. त्यानं तोंडावर आणखी पाणी मारलं.

यशोदाबाईंनी बसून पदरात बांधून आणलेला भाकरी-ठेचा सोडला. "घ्या पगारे," त्या म्हणाल्या. "चढलात एकदाचे." पाण्याच्या बाटलीची भरपाई म्हणून की काय, त्यांनी मोठी भाकरी त्याला दिली. नवसाबाई दोराचं वेटोळं गळ्यात घालून केव्हाच उतरून गेली होती.

उतरताना साहेब सगळ्या पायऱ्या बसून उतरले आणि त्यांची पँट मागून फाटली. तेव्हा यादीतली जादा पँट झोपडीत आहे हे आठवून कारभाऱ्यांनी सावळीरामची पाठ थोपटली. संध्याकाळच्या गाडीत चौघंही एकमेकांच्या अंगावर रेलून झोपले, आणि नाशिक आल्यावर कंडक्टरला त्यांना हलवून उठवावं लागलं.

सोमवारी सावळीरामनं मधल्या सुट्टीत सगळ्यांना खरं सांगून टाकलं. बारा वर्षं खोटं बोललो, काल पहिल्यांदा चढलो. कुणी विश्वास ठेवला नाही. "मोठा माणूस लहानपण घेतो," एवढं म्हणून लोक चहाला गेले. कारभारी तर अठरा हातांचा अजगर आपणच पाहिल्यासारखा सांगू लागले.

त्या दिवशी कचेरी सुटली तेव्हा मात्र सगळा स्टाफ जिन्याखाली थांबून वर बघत उभा राहिला. मांड्या अशा भरून आल्या होत्या की सरळ पाय टाकला की जीव जात होता. म्हणून खैरनार साहेब, कारभारी, यशोदाबाई आणि सावळीराम पगारे, चौघंही कठड्याला धरून, पाठमोरे, एकेक पायरी खाली येत होते, आणि साहेब मोठ्या आवाजात म्हणत होते, "घाई नको. उजवा पाय. आता तेवढाच उजवा पाय."